शिक्क्याची तंबाखू

लालबाग,
४ नोव्हेंबर १९५७

ती. रघुवीरदादास,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

धोंडूमामांबरोबर पाठवलेली तंबाखू पोचली. आईने लगेच ती भाजायला तवा चढवला. मशेरीच्या धुराने अख्खी चाळ खोकली! पुडीवरचा सरकारी शिक्का ती सगळ्यांना दाखवते. अबकारी खात्यातल्या माझ्या रघूने तपासलेली, असं सांगून शेजारच्या मीनाक्षीवहिनींनाही थोडी देते.

तीन महिने तिच्या गालाला आतून फोड आहे. त्यावरही मशेरीच दाबते, ठणका थांबतो म्हणे. सोमवारी तिला ओढत परळच्या इस्पितळात नेणार आहे.

तुझी निपाणी म्हैसूरकडे गेली म्हणून आम्ही इथे मोर्चात घसे फोडतोय, आणि तू तंबाखूच्या राशीत मजेत! माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी शकू


निपाणी,
९ नोव्हेंबर १९५७

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

इस्पितळाचं खूळ कुठून काढलंस? आजी जन्मभर मशेरी लावायची आणि नव्वदीतही सुपारी फोडायची. इथे तर वजन होऊन, कर भरून, शिक्का बसल्याशिवाय एक पान वखारीबाहेर पडत नाही. आईला सांग, पुढच्या खेपेला याहून सरस पाठवतो.

तुझा दादा


लालबाग,
१८ नोव्हेंबर १९५७

ती. दादास शि. सा. न.

आईला कॅन्सर आहे. गालातून जिभेपर्यंत गेलाय. २८ तारखेला ऑपरेशन, जीभ काढावी लागेल. त्यानंतर आपली आई बोलणार नाही, दादा!

डॉक्टरांनी मशेरीचं विचारलं, तर हिने कनवटीची पुडी काढून शिक्का दाखवला. सरकारने पास केलेली आहे, माझा मुलगाच तपासतो, म्हणाली. मग डॉक्टरांनी मला विचारलं, की तुमचा भाऊ नक्की काय तपासतो. तू सांग.

शकू


निपाणी,
२१ नोव्हेंबर १९५७

चि. शकू,

पत्र कचेरीत वाचलं. आम्ही वजन तपासतो आणि कर. नियमांची सगळी पुस्तकं काढून बसलो. पान कुठे साठवावं, कसं तोलावं, सगळं आहे. खाणाऱ्याच्या तोंडाचं काय होतं, त्यावर एक ओळ नाही.

शिक्का म्हणजे कर भरला, एवढंच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आई तो चाळीत मिरवायची, मला बरं वाटायचं, म्हणून कधी बोललो नाही.

उद्या निघतो. तिला हे मीच सांगेन. बोलता येतंय तोवर तिने मला पोटभर शिव्या घालाव्यात.

रघुवीर