पुढची खोली शिक्षकांना

मी, कुमारी भागीरथी चन्नबसप्पा हलकुडे, वय ५९, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. स्मरण व बुद्धी शाबूत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत सांगितली. ऐकून घरी आले आणि भाकरी केली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

१. औशाकडील चार एकर कोरडवाहू जमीन पुतण्या सिद्धेश्वर याला द्यावी. तांब्याचा बंबही त्यालाच. शिक्षकांनी वर्गासाठी केलेली पुठ्ठ्याची अकरा घड्याळे त्याने त्यात जाळली. कचरा वाटला, म्हणाला.

२. घर त्याला नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून तो मागे लागला आहे. "आत्या, सरकारी हापिसांना जागा मिळंना, अन् तुमी चिंचोके साठवून राहिलाव!" माझ्यामागे तो घर भाड्याने देईल आणि शिक्षकांची बैठक बंद पडेल. म्हणून घर प्राथमिक शिक्षिका श्रीमती सरजाबाई सोनकांबळे यांच्या नावे करीत आहे. अट एकच. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर उदगीर, मुखेडकडून शिक्षक येतात. खेळातून गणित, वाचन कसे शिकवावे ते इथे आधी स्वतः खेळून पाहतात. पुढची खोली त्यांच्यासाठी उघडी राहावी.

सरजाबाईच का, हे सिद्धेश्वर कोर्टात विचारील. उत्तर इथेच देते.

शाळा तपासताना मी आधी व्हरांड्यात उभी राहून कान देत असे. आवाज नसेल तर शेरा चांगला. १९७२च्या दुष्काळात उदगीर भागातील एका शाळेच्या शेरेबुकात मी लिहिले, "वर्ग शांत. शिस्त उत्तम." सरजाबाई तिथे शिकवीत होत्या. म्हणाल्या, "बाई, शिस्त न्हाई ही. लेकरं कालपासून उपाशी हायत." मला तो आगाऊपणा वाटला. शेरा तसाच ठेवला.

पंधरा दिवसांनी न कळवता गेले. सुकडीचे, म्हणजे मुलांच्या दुष्काळी खाऊचे, वाटप सुरू झाले होते. मुले चिंचोके घेऊन दुकान मांडून बसली होती. एक मुलगी ओरडत होती, "गुळाच्या आठ ढेपा मागितल्या, तू सातच मोजल्यास! लबाड!" मी आत न जाता लिहिले, "वर्गात गोंधळ. अध्यापन शून्य."

त्या शेऱ्यावर सरजाबाईंची बदली निलंग्याच्या सीमेवर झाली. नव्या गुरुजींनी वर्ग गप्प बसवला. संक्रांतीपर्यंत एकवीस मुले शाळा सोडून आईबापांबरोबर खडी फोडायला गेली. बहुतेक परत आली नाहीत. ती लबाड म्हणणारी मुलगीही नाही.

तीन वर्षांनी मी सीमेवरच्या त्या शाळेत गेले. घरी कन्नड बोलणारी मुले, तेच चिंचोके, तोच आवाज. सरजाबाई म्हणाल्या, "बाई, शेरा लिहिताव का गिऱ्हाईक होताव?" मी जमिनीवर बसले. दुकानदाराने मला माल कमी दिला, मी मोजला नाही, वर्ग हसला. त्या दिवशी शेरा लिहिला नाही. पुढच्या शनिवारपासून घर उघडले.

गेल्या महिन्यात त्यांना घराचे विचारले. "घर कशाला, बाई? ते दोन शेरे खोडा," म्हणाल्या. दप्तर आता माझ्या हाती नाही. म्हणून साक्षीदारांसमोर नमूद करते की माझे ते दोन्ही शेरे चुकीचे होते. इथवरचा मजकूर वाचून त्या म्हणाल्या, "हं." मग विचारले, "शनिवारी चावी कुणाकडं राहील?" हा मी होकार धरला आहे.

३. पोस्टातील बचत लांबून येणाऱ्या शिक्षकांच्या एसटीच्या तिकिटांसाठी वापरावी.

४. समाजाच्या रीतीप्रमाणे बसवून पुरावे. कोणाची वाट पाहू नये. शनिवार असल्यास बैठक रद्द करू नये. मला मागच्या दाराने न्यावे, कारण पुढच्या खोलीत जमिनीवर खेळ मांडलेले असतात. ते उचलू नयेत. शिक्षक माझ्या मानापायी हळू बोलू लागतील. त्यांना सांगावे, आवाज कमी करू नका.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, मान्य आहे, आणि दोघांसमक्ष सही केली.

(सही) भागीरथी चन्नबसप्पा हलकुडे

साक्षीदार:
१. (सही) गुंडप्पा बसलिंगप्पा कोरे, निवृत्त मुख्याध्यापक
२. (सही) व्यंकटी ज्ञानोबा मुंढे, शेजारी

ठिकाण: लातूर
दिनांक: १४ मार्च १९८३