डाव्या दंडातली वाकी

भंडारा, ३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. रुखमिणीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा आहे, असं जावईबापू चंद्रभानजी फोनवर म्हणाले. फोनवर माझं बोलणं चार वाक्यांत आटतं, म्हणून पत्र.

आईची दंडात घालायची चांदीची वाकी, मोर कोरलेली, मी इथल्या संग्रहालयाला दिली. जुन्या दागिन्यांचं दालन उघडणार आहे. तिथल्या स्वातीताईंनी विचारलं, दुसरी कुठे? मी डोळे मिटले, तर आई ओसरीत उभी दिसली, दोन्ही दंडांवर मोर, चांदीवर कोवळं ऊन. मी अर्जात लिहून दिलं, जोडीतली एक हरवली. आता त्या म्हणतात, अपुरा दागिना दालनात लागत नाही; मागच्या कपाटात जातो, नावाशिवाय. आईचं नाव लागावं एवढ्यासाठीच तर दिली होती गं. दुसरी तुझ्या पेटीत राहिली आहे का, बघशील?

विजयमाला तुझी आठवण काढते. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा दादा, ताराचंद

अड्याळ, ९ सप्टेंबर

ती. दादास, रुखमिणीचा शि. सा. न.

पत्र वाचून पहिले हसू आलं, मंग राग आला. दुसरी माह्या पेटीत कुठून येईल? ती घडवलीच नाही. तू ओसरीत कविता पाठ करत होता, मी मागाजवळ बसून आईले सुताच्या कांड्या भरून देत होती. उजव्या हातानं दोरीले हिसका देला का धोटा आडवं सूत घेऊन पळते, दंड फुगते, त्यात वाकी असली तं रुतते. म्हणून आपल्या पवनीतल्या विणणाऱ्या बाया डाव्या दंडातच घालत. सोनाराले एकच सांगत.

खोटं वाटत असन तर मोराचं तोंड कोणीकडं हाय ते पाह्य. डाव्या दंडात मोर समोर पाह्यते, उजव्यात घातली का पाठीकडं. त्या बाईच्या कपाटात अशा एकट्या अजून असतीन, त्याईचेही मोर पाहून घे.

बाबा लुगडे विकत, म्हणून लोकं काम बाबाचंच म्हणत. आईनं विणलं, हे कुठंच लिहून नाही. एक जागा भेटली, तं तिथं तूच चुकीचं लिहून आला. जा, खोडून ये.

वहिनीले नमस्कार सांगजो. रागावली तरी तुहीच,

रुखमी

भंडारा, २० सप्टेंबर

चि. सौ. रुखमिणीस, आशीर्वाद, आणि आज थोडी क्षमाही.

बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःचं लिहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा खोडलं. स्वातीताईंना तुझं पत्रच दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मागचं कपाट उघडलं. आत तीन एकट्या वाक्या होत्या, मोहाडीची एक आणि आंधळगावच्या दोन. तिन्हींच्या चिठ्ठीवर तेच, जोडीतली एक हरवली. आपली मिळून चार ओळीने मांडल्या. चारही मोर एकाच बाजूला बघत होते.

स्वातीताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, इतकी वर्षं आम्ही हरवलेल्या वाक्या शोधत होतो, त्या कधी नव्हत्याच.

चारही दालनात लागणार आहेत, मधल्या काचेत. गुडघा शेकत जा. तुझ्या रागाचाही मला आधार आहे.

दादा

भंडारा, १८ नोव्हेंबर

चि. सौ. रुखमिणीस, भरभरून आशीर्वाद.

धानाची कापणी सोडून तुला येता आलं नाही, तर काल दालन उघडलं ते असं. मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी स्वतःची कविता नेली होती, सोळा कडव्यांची. उभा राहिलो आणि खिशातून तुझं पत्र काढून वाचलं. "जा, खोडून ये" ऐकून लोक हसले आणि मग टाळ्या थांबेनात. माझ्या कवितेला अशा कधी पडल्या नाहीत.

गर्दीतून मोहाडीकडची एक म्हातारी काचेपाशी आली. तिनं पदर सारला. डाव्या दंडात वाकी, मोर समोर. ती म्हणाली, हे तर आमचं रोजचं, काचेत कायले ठेवलं? मग तिनं मला आईच्या वाकीखालची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली: "आनंदाबाई, विणकर, पवनी. एकच वाकी, डाव्या दंडातली." तिनं विचारलं, तुही माय विणत होती का?

रुखमे, शंभर माणसांत मी मोठ्यानं सांगितलं, हो, माझी आई विणत होती.

तुझाच, ताराचंद