घरचं आसाई

७ ऑक्टोबर

समोरच्या दुकानातल्या नोनातोनं पुन्हा आसाईचा भाव उतरवला! फळं तीच, होडी तीच, धक्का तोच — मग परवडतं कसं? पाणी कुठंतरी मुरतंय.

आरोग्यखात्याचा नियम आहे — आसाईच्या ताडाची जांभळी फळं आधी कढत पाण्यात बुचकळायची, मग गार पाण्यात, मगच यंत्रात घालून गर काढायचा. नाहीतर बार्बेरो — ढेकणाचा थोरला भाऊच तो — फळांत घाण करून जातो नि पिणाऱ्याच्या हृदयाला त्याचा जंतू लागतो. माझी कढत पाण्याची टाकी दुकानाच्या दारातच आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला वाफ दिसते. नोनातोची मागच्या खोलीत. का मागे? विचारलं तर म्हणतो, "ताई, पुढं जागा कुठाय?" जागा नाही म्हणे! आसाई तयार असल्याचा लाल बावटा लावायला बरी जागा आहे, तोही माझ्या दुप्पट.

घरची टोपली आज मीच निवडली. दुकानात ठेवली की ओस्मारीनो त्यातली चांगली फळं गिऱ्हाइकांच्या फळांत मिसळतो. नवरा असला म्हणून काय झालं! म्हणून टोपली स्वयंपाकघरात, खिडकीशी, वर रात्रभर दिवा. माझ्या खाटेवरून दिसते. ती कढत पाण्यात जात नाही. उकडलेलं आसाई गिऱ्हाइकाला ठीक आहे, घरच्यांना खरी चव मिळाली पाहिजे. माझ्या आईनं जन्मात कधी पाणी तापवलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

सिरियोला, देवीच्या जत्रेला, आलेले पाहुणे गेले एकदाचे. बदक खाऊन खाऊन घर रिकामं केलं.

जुसी शिवणाच्या दुकानातून आली ती जांभळे ओठ घेऊन. "कुठं प्यालीस?" म्हटलं. "आई, सकाळी घरचंच प्यायले ना!" सकाळचा रंग संध्याकाळपर्यंत टिकतो होय? तिची वाट नोनातोच्या दारावरून येते, हे काय मला माहीत नाही? ओस्मारीनो म्हणतो, "एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ओठ रंगवले असतील." ह्या माणसाला कधी कुणाचा संशयच येत नाही, म्हणून मला दोघांच्या वाटचा घ्यावा लागतो.

२० ऑक्टोबर

जुसीला ताप. डेंग्यू असेल.

२६ ऑक्टोबर

ताप हटत नाही. सकाळी उठली तर चेहरा सुजून डोळे मिटलेले. आरसा मागत होती, दिला नाही.

मलेरिया असेल म्हणून दवाखान्यात बोट टोचून रक्त घेतलं. काचेवर मलेरिया नव्हता, दुसराच जंतू वळवळत होता — बार्बेरोचा! डॉक्टर म्हणाले, हृदयाला सूज आहे, भोवती पाणी झालंय, इथंच ठेवावं लागेल. जगेल ना, विचारलं. "औषध आजच सुरू करतोय," म्हणाले. हे काय उत्तर झालं?

माझी पोर! आता कळलं त्याला परवडतं कसं. पाणी तापवायचा गॅस वाचवतो मेला.

२७ ऑक्टोबर

आरोग्यखात्यात नोनातोविरुद्ध तक्रार दिली. तपासनीस बाई आहे — इव्हानिल्दे. वयानं लहान, आवाज त्याहून लहान. विचारते, "तुम्ही मुलीला तिथं पिताना पाहिलंत?" म्हटलं, "बाई, चोर काय साक्षीदार बोलावून चोरी करतो?"

२९ ऑक्टोबर

चौकशी होईपर्यंत नोनातोच्या दुकानाला टाळं. बावटा उतरला. गल्लीभर माणसं जमली होती. तो माझ्या दाराकडं नुसता बघत राहिला. न ओरडणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत.

आणि ती इव्हानिल्दे! शिक्का मारून झाल्यावर त्याच्याच ओट्यावर कॉफी प्यायली. साखर किती, हेसुद्धा त्याला विचारावं लागलं नाही. वा!

३१ ऑक्टोबर

जुसीजवळ दिवसभर बसले. दोन पावलं चालली की धाप लागते. म्हणाली, "आई, मी नोनातोकाकांकडे कधी गेलेच नाही गं. खरंच ओठ रंगवले होते." तापात माणूस काहीही बोलतं.

नव्या चपला चावतायत. बाजारातल्या त्या बाईनं एक नंबर लहान गळ्यात मारला. उद्या बघतेच तिच्याकडं.

२ नोव्हेंबर

ओस्मारीनोलाही ताप. त्याच्यापुढं उभी राहिले, "तूही नोनातोकडचं प्यालास ना?" कण्हत कण्हत हसला, "मी? तू मला जिवंत सोडली असतीस?"

हे मात्र खरं. मग कुठून?

४ नोव्हेंबर

लिहवत नाही, पण लिहिते.

इव्हानिल्दे दुपारी आली. नोनातोचे नमुने स्वच्छ, टाकीचं पाणी हवं तेवढं कढत, त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचं रक्तही स्वच्छ. मी कुठली ऐकतेय! म्हटलं, "नमुना त्या दिवसापुरता स्वच्छ. आदल्या दिवसाचं काय?"

"बरोबर बोललात," ती म्हणाली. "म्हणूनच मी नुसत्या नमुन्यावर थांबत नाही. तुमच्या घरी काय खातात ते सांगा."

मी सांगितलं. अगदी तोऱ्यात सांगितलं — आमचं आसाई वेगळं, हातानं निवडलेलं, कढत पाण्याला न लागलेलं. तिनं पेन खाली ठेवलं. "टोपली दाखवाल?"

स्वयंपाकघरात तिनं आधी दिवा बघितला. मग उघडी खिडकी, मग मागच्या अंगणातली ताडाची झाडं. टोपली सरकवली. भिंतीशी एक चपटा, तपकिरी किडा मरून पडला होता. चिमट्यानं उचलून तिनं बाटलीत टाकला.

"बार्बेरो ताडात राहतात, दिव्यावर येतात. रात्रभर दिवा कशाला ठेवता?"

"कुणी फळं बदलू नयेत म्हणून."

ती हसली नाही. हसली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

माझं दुकानही बंद करायला सांगितलं. यंत्र एकच, आधी घरचं काढायचं, मग गिऱ्हाइकांचं. मी मध्ये गार पाण्यानं धुवायचे. गार पाण्यानं!

५ नोव्हेंबर

ओस्मारीनोच्या रक्तात जंतू सापडला, माझ्याही. दोघांच्या गोळ्या सुरू. चपला बरोबर मापाच्या होत्या, पायच सुजले होते.

८ नोव्हेंबर

तक्रार मागे घेतली. गिऱ्हाइकांनाही रक्त तपासायला बोलावलंय. अजून कुणाला काही निघालं नाही. देवीपुढं मेणबत्ती लावली, पण तिच्याकडं मान वर करून बघवेना.

पोरीला मी माझ्या हातानं पाजलं. ती नको म्हणायची, उशीर होतोय म्हणायची, मी दारापर्यंत वाटी घेऊन मागं जायचे. जगभर पहारा ठेवला आणि विष स्वतःच्या हातानं दिलं. कुणाला सांगू हे?

१६ नोव्हेंबर

जुसी घरी आली. हृदयाभोवतीचं पाणी ओसरलं. गोळ्या अजून बरेच दिवस, आणि हृदय पुनःपुन्हा तपासायचं. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तरी ओठांच्या रंगावर विश्वास बसला का?"

रडले. तिच्यासमोरच.

२१ नोव्हेंबर

समोर पुन्हा लाल बावटा लागला. जुसी तळलेल्या माशाबरोबर आसाई मागत होती. भांडं घेऊन मीच रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ओट्याशी पोचल्यावर नुसतं भांडं पुढं केलं.

"घट्ट देऊ की पातळ?" नोनातोनं विचारलं.

"घट्ट. घरासाठी हवंय."

मागच्या खोलीतून वाफ येत होती. भांडं भरून त्यानं माझ्या हातात दिलं.

"घरासाठी वेगळं नसतं माझ्याकडं, झुलेईदेताई."