पाचवीनंतरचं दूध

नाशिक,
१४ डिसेंबर १९९७

प्रिय लंका,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी फार आहे, तुमच्या निफाडला तर याहून जास्त असेल. बाग कशी आहे?

सायलीची बाळी आज अठरा दिवसांची झाली. तू होतीस तेव्हा बाळीला आईच्याच मांडीवर ठेवायचीस, सायलीचा हात धरून तिच्या छातीवरून, तळपायांवरून फिरवायचीस, आणि आपली तिसरीतली कविता गुणगुणायचीस. चौथीत तुझी शाळा सुटली, पण कविता माझ्याआधी तुलाच पाठ व्हायच्या. बाळी डोळे उघडून तोंड शोधायची. सायलीला पान्हा फुटायचा.

तू गेलीस आणि चिमणाबाई मालिशला येऊ लागली. ती रगडते, कढत पाणी ओतते. बाळी रडून दमते आणि न पिताच झोपते. मी म्हटलं, "बाई, जरा हळू." तर म्हणाली, "तुम्ही पेपर वाचा आण्णा. रडल्यानं छाती रुंद होती." ते रडणं ऐकवेना म्हणून मी बाहेर मोठ्याने कविता म्हणू लागलो. आतून सायली ओरडली, "आण्णा, पुरे!"

काल गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं. म्हणाल्या, "रगडणं बंद. पाजण्याआधी आईलाच हलक्या हाताने चोळू द्या. बुधवारपर्यंत पाहू, नाहीतर ॲडमिट करावं लागेल." चिमणाबाईला बंद केलं. पण आता तेलाचा हात लागला की बाळी अंग ताठ करते, सायली हात मागे घेते, दूध आटत चाललंय. तिची आई असती तर... मला पुरुषाला आत जाऊन काय करता येणार?

लंका, पाचवीच्या पूजेला तू बसू नकोस म्हणालो, तेव्हा शेजारच्या बायका कुजबुजतात असं सांगितलं होतं. कोणीही काही बोललं नव्हतं. शेजारची सुलाबाई तर तुझ्यासाठी पाट मांडत होती. तुझे यजमान गेलेले, म्हणून तू तिथे नको, हे माझ्याच मनात आलं. तू पिशवी उचललीस तेव्हा मी पेपरात डोकं घालून बसलो.

सायलीला सांगितलं, बागेत मजूर नाहीत म्हणून आत्या गेली. आज ती विचारत होती, "आण्णा, मी आत्याला काही टोचून बोलले का हो?"

हे पत्र केरूच्या हाती देतो. त्याचा भाजीचा टेम्पो संध्याकाळी निफाडहून परत फिरतो. यायचं की नाही, तुझं तू ठरव. सायलीला मी आज जेवणाआधी खरं सांगतो. तू आली नाहीस तरी तिने स्वतःला दोष देऊ नये.

आलीस तर थेट आत जा. मी ओट्यावर बसेन, तू बोलावेपर्यंत.

तुझा,
आण्णा