खाडीकडचे दिवे

१३ डिसेंबर, शनिवार

आलो एकदाचे! घटस्फोटानंतरचं माझं स्वतःचं पहिलं घर. राई गाव, नव्या इमारतीचा चौथा मजला, दोन खोल्या आणि खाडीकडे तोंड करून एक गॅलरी. टेम्पोवाल्याने कपाटाचा आरसा फोडला, गॅस उद्या येणार, जेवणाच्या नावाने वडापाव झाले, तरी सान्वी घरभर नाचत होती. आठ वर्षांची झाली पोर, पण दादरला तिने आकाश पाहिलं ते नारिंगीच. आज गॅलरीत उभी राहून तिने कृत्तिकांचे पाच तारे मोजले. बारा वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतेय आणि तारे काढतेय फळ्यावर! समोर तिवरांची झाडी, पलीकडे खाडी, मधे एक दिवा नाही. खरं सांगायचं तर हे घर मी ह्या अंधारासाठी घेतलंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गेटपाशी सरूबाई मासळी घेऊन बसते. इथल्या जुन्या गावातली. आज चार वाजताच टोपली आवरायला लागली. विचारलं तर म्हणाली, आज अवस हाय, दिवे लावायचे न्हाय. मला वाटलं चेष्टा करतेय. तर तिच्या आळीतल्या दहा-बारा घरांत म्हणे अवसेला दिवेलागणीच्या वेळी खाडीकडच्या खोलीत कुणी दिवा लावत नाही. खाडीत बुडालेली, प्रेतंही न सापडलेली माणसं त्या दिवशी ओहोटीला तारे बघत दर्याकडे जातात. मधे उजेड दिसला की वाट सोडून त्याच्याकडे येतात. हे सगळं कोलंबी सोलता सोलता सांगितलं तिने.

घरी येऊन मी पोटभर हसले आणि मग गॅलरीतला दिवा बंद केला. श्रद्धा वगैरे नव्हे हं! पण अख्खी खाडी काळीभोर झाली आणि सान्वीला सहावा तारा दिसला. रात्रीचा उजेड कमी करा म्हणून मोठमोठे शास्त्रज्ञ घसा कोरडा करून जे सांगतात, ते ह्या बायका गुपचूप करतायत. सोमवारी वर्गात सांगणार.

२८ डिसेंबर, रविवार

डोकं फिरलंय माझं. कुंपणाच्या भिंतीवर चार फ्लडलाइट ठोकले, तेही आमच्या गॅलरीखालीच, आणि निम्मा उजेड वर आभाळात! सेक्रेटरी ईश्वरभाईंना गाठलं. म्हणाले, मॅडम, थर्टी फर्स्ट आ रहा है, अंधेरे में चोर आता है. गुडघाभर चिखलातून, तिवरांतून कोण मेला चोर येणार? सान्वीच्या पलंगावर पेपर वाचता येईल इतका उजेड आहे. पडदा लावला तरी भिंत पांढरीफटक. आकाश तर पुसूनच टाकलं.

मी म्हटलं, बंद नका करू हवं तर, टोपी बसवा, खाली वळवा, जिथे चालायचं तिथे पडू दे उजेड. आकृती काढून दिली. संध्याकाळी त्याच कागदावर फाफडा-जिलेबी ठेवून खाताना मी स्वतः पाहिलं त्यांना. अस्सा संताप आला!

१० जानेवारी, शनिवार

अठ्ठावीस घरं फिरले, सह्या मिळाल्या सात. एक बाई म्हणाल्या, तुम्हाला काय लपवायचंय म्हणून अंधार पाहिजे? शेजार आहे म्हणून सरळ पुढचं दार गाठलं मी. दिव्यांखाली रोज सकाळी किड्यांचा खच. परवा एक बगळा भिंतीवर आपटून मेला. झाडूवाला गोळा करून नेतो.

सान्वी धड झोपत नाही. तिन्हीसांजेला गॅलरीत उभी राहते आणि दिव्याकडे टक लावून बघते, तोंड उघडं टाकून. डोळे जातील म्हणून ओरडले तिला. ऐकूच गेलं नाही तिला.

१८ जानेवारी, रविवार

आज अमावास्या. सरूबाई टोपली गेटवर टाकून ईश्वरभाईंच्या दारात गेली. निदान आजच्या दिवस बंद करा, म्हणून भांडली. ते हसले. वॉचमनकरवी तिला बाहेर काढलं. तिच्या सासऱ्याची इथे भातशेती होती, जिथे आता ह्यांच्या गाड्या उभ्या असतात. लाज कशी वाटत नाही?

सव्वासातला ओहोटी होती. भिंतीपलीकडे चिखलात माणसं उभी दिसली. अकरा. कामगार असतील असं वाटलं. पण कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, दिव्यांकडे. तोंडं उघडी.

वळून बघते तर सान्वी तशीच उभी. अगदी तश्शीच.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी चिखलात पावलं. खाडीकडून भिंतीपर्यंत येणारी. जाणारं एकही नाही.

वॉचमन काशीनाथ पहाटेच नोकरी सोडून गेला, चपला टाकून. मग तातडीची मीटिंग. चोर, चोर, चोर! ठराव काय, तर आणखी चार फ्लडलाइट. मी उभी राहून ओरडले की, अहो, उजेडामुळेच येतायत ते, तुम्ही आमंत्रणं वाढवताय! विज्ञान शिकवणारी बाई असं बोलतेय म्हणून सगळे खो खो हसले. मीही हसले असते, महिन्यापूर्वी.

२ फेब्रुवारी, सोमवार

आठ दिवे आहेत आता.

सान्वीच्या पापण्या लवत नाहीत. मी घड्याळ लावून बसले. चार मिनिटं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, मोबाईल कमी द्या. मोबाईल! खिडकीला घोंगडी ठोकली मी. सकाळी खाली पडलेली, खिळ्यांसकट.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिला इथून जवळच, डोंगरी गावात आशामावशीकडे ठेवलं होतं. दिवे लागायच्या वेळेला घरातून पळाली. अनवाणी, राईच्या रस्त्याला. रिक्षावाल्याने धरून आणली. हात चावला त्याचा. मला ओळखलं, पण बघितलं माझ्याकडे नाही.

म्हणजे दूर नेऊन उपयोग नाही. दिवेच विझले पाहिजेत. माझी पोर मला परत पाहिजे. बाकी गेलं खड्ड्यात.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपार

आज संध्याकाळी अमावास्या लागते.

ईश्वरभाईंचे पाय धरले. मी! पाय धरले! म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.

घ्या विषय. मीटर रूमचं कुलूप मी पाहून ठेवलंय.

संध्याकाळ, ७.१०

केलं. कुलूप फोडलं, मेन स्विच पाडला, फ्यूज उपसून चिखलात फेकले. अख्खी इमारत काळीठिक्कर. खाली बोंबाबोंब. बोंबला! इतके दिवस मी बोंबलत होते.

तारे दिसतायत. केवढे!

सान्वी पलंगावर बसलीय. डोळे मिटले तिने. मिटले! रडूच फुटलं मला.

७.२५

ते गेले नाहीत.

अकरा नाहीत आता. मोजता येत नाहीत. भिंतीच्या आत आलेत, गाड्यांमध्ये. माना वरच. पण आता दिव्यांकडे नाही — चौथ्या मजल्याकडे. आमच्या गॅलरीकडे.

का? इथे दिवा नाही. मोबाईल मीटर रूममध्ये पडला. मेणबत्तीसुद्धा नाही घरात —

खालचा आरडाओरडा थांबलाय. एकदम.

७.३०

लिहून ठेवते. नाहीतर ईश्वरभाई म्हणतील, बाई वेडी होती. त्यांना वाचून दाखवा कुणीतरी —

जिन्यावर ओल्या पावलांचा आवाज. दुसरा मजला असेल.

दाराला कडी आहे. कपाट लावलंय. सान्वी माझ्या मागे, पलंगावर. शांत आहे. तिला काही होऊ देणार नाही मी. काही झालं तरी —

मला अक्षरं दिसतायत.

घरात दिवा नाही आणि मी लिहितेय. समोरच्या भिंतीवर माझी सावली पडलीय. लख्ख.

पन्नास दिवस. पन्नास दिवस माझ्या लेकराला तो उजेड पाजला ह्या मेल्यांनी —

गोधडी टाकली तिच्यावर. गोधडीतूनही —

तिसरा मजला.

सान्वी, डोळे उघडू नकोस. सोन्या, माझं ऐक, नको उघ