मुळं फुटली, अक्का!

आदरणीय अक्कांना, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्धीच वाकते, उरलेला नमस्कार मनातून समजावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूसाहेबांचा खोकला थांबला असेलच.

बातमी फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून पत्र. मी घरी गवती चहा लावला आणि तो जगला! एकतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली. झाड म्हणजे मीटरच्या आड येणारी वस्तू, एवढीच माझी झाडांशी ओळख. पण तुमची बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेली, घर खायला उठलं, आणि मी मंडईतून गवती चहाची जुडी आणून पेल्यात उभी केली. चार दिवसांत पाण्याला असा वास सुटला की दूधवाला बाटली दाराबाहेरच ठेवायला लागला. भाजीवालीकडे तक्रार नेली, तर ती म्हणाली, “अहो काका, तुम्ही नुसती पात नेलीत. बूडच नाही, तर मुळं फुटणार कुठून?” (हे तिने गिऱ्हाइकांदेखत विचारलं. असो.) मग तिनेच खाली पांढरा गड्डा असलेले पाच कोंब निवडून दिले. ते काचेच्या पेल्यात, बूड बुडेल एवढ्याच पाण्यात ठेवले. पाणी रोज बदललं आणि सकाळी सातला, सवयीप्रमाणे, रीडिंग घेतलं. आठ दिवस रीडिंग शून्य. नवव्या दिवशी पांढरा दोरा दिसला! मी जिन्यात धावत जाऊन ओरडलो, “फुटली! फुटली!” खालचे डॉक्टर बँडेज घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आले. “काय फुटलं? डोकं?” म्हटलं, “मुळं!” त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, “बाळ-बाळंतीण सुखरूप.” (बँडेज वाया गेलं नाही; पातीच्या धारेने त्याच आठवड्यात माझा अंगठा कापला.)

आता भरपूर उन्हात, तळाशी भोक असलेल्या मोठ्या कुंडीत त्याचं बेट झालंय. परवा गड्डे सुटे करून त्याची तीन बेटं केली. जिन्यातल्या सगळ्यांना चहा पाजला. भाजीवालीलाही बोलावलं होतं. ती पात चुरगळून वास घेत म्हणाली, “काका, हाताला गुण आहे हो तुमच्या.” अक्का, निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. तुमच्यासाठी एक बेट राखून ठेवलंय.

आणखी ता. क. तुम्ही तुमच्या बहिणीला मोगरा दिला होता, त्याचं मूळ झाड अजून आहे ना? सहज विचारतोय. ज्या मोठ्या कुंडीत मी गवती चहा लावला, त्या कुंडीत आधी नुसत्या वाळक्या काड्या होत्या; त्या मी उपटून फेकल्या. तो छाटलेला मोगरा होता, हे काल तुमच्या बहिणीच्या फोनवरून कळलं. “पालवी आली का हो?” म्हणाली. मी “भरपूर” म्हटलं. ती पंधरा दिवसांनी येते. त्याआधी मोगऱ्याचं एखादं जून रोप घेऊन तुम्ही स्वतःच याल का? निघताना बहिणीला मात्र फोन करू नका.