दुसरी ओळ

प्रिय भिंगरी,

ही हाक वाचूनच पत्र फाडू नकोस. पंधरा दिवस तुझे फोन उचलले नाहीत, तेव्हा फाडलंस तरी मला बोलायला तोंड नाही. पण आधी वाच, मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे.

तुझी खुर्ची अजून तशीच आहे, पाठीवर स्वेटर लटकवलेला. प्रयोगशाळेत सगळे हळू बोलतात. अपघात करणाऱ्या त्या ड्रायव्हरच्या रक्तातल्या दारूचा आकडा तुझ्या नावाने बदललेला सापडला, तेव्हा चौकशीत साहेबांनी मला एकच विचारलं होतं, की हिच्या पासवर्डशिवाय दुसरं कुणी नोंदींच्या मशीनमध्ये शिरू शकतं का. इथल्या कॉम्प्युटरांची कुलूपवाली मीच ना! तोऱ्यात सांगितलं, की मशीन चालू होताना मेनू येतो त्यालासुद्धा मी पासवर्ड लावलाय, तिथून मुंगीही शिरायची नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. मी टेबलावरच्या टाचण्या मोजत होते. खरं सांगू? मलाही वाटलं होतं, तूच केलं असशील.

आज सकाळी मशीन अडकलं म्हणून बंद करून चालू केलं. मेनूत दोन ओळी येतात, वरची रोजची, खालची दुरुस्तीची. घाईत खालच्या ओळीवर एंटर दाबला गेला, आणि पासवर्ड विचारलाच नाही गं! मशीन थेट मालकाच्या हक्काने उघडलं. तिथून कुणाच्याही नावाने काहीही बदलता येतं. मी लावलेला पासवर्ड फक्त त्या ओळींत फेरफार होऊ नये एवढ्यापुरता होता. दुरुस्तीच्या ओळीखाली ‘लॉक’ हा शब्द वेगळा लिहावा लागतो. तो मी लिहिलाच नव्हता. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं, आणि वर माझा तोरा! मग जुन्या नोंदी उपसल्या. आकडा बदलण्याच्या चार मिनिटं आधी कुणीतरी मशीन बंद करून पुन्हा चालू केलंय. तुला त्याची गरजच काय होती? तुझा पासवर्ड तुझ्याकडे होता की.

तो एक शब्द लिहायला माझा हात पुढे गेला होता, लपवत नाही. कुणाला पत्ता लागला नसता, माझी नोकरी शाबूत राहिली असती. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली, की हात मागे घेतला.

उद्या अकराला तुला काढून टाकायच्या कागदावर सह्या होणार आहेत. त्याआधी साहेबांना इथे बसवून त्यांच्याच बोटाने ती खालची ओळ उघडायला लावणार आहे. तू ये, निदान दारात उभी राहा. तुला खोटी ठरवणाऱ्यांत मी पहिली, तेव्हा तोंडघशी पडायचं तर तुझ्यादेखतच. पत्र सफाईवाल्या मावशींच्या हाती पाठवतेय, कारण मला उठता येत नाही. मधेच कुणी तो शब्द लिहून पुरावा पुसू नये म्हणून सकाळपासून मशीनसमोर ठाण मांडून बसलेय. जन्मभर कुलपं लावली, आज न लावलेल्याची राखण करतेय.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
कुलूपवाली